कंबर गेली तरी गाडीखाली झोपायचंच का?

डिलाइट_कोथरूड

मंडळी, बऱ्याच दिवसांनी आलो, म्हणून आधी हजेरी. माझ्या १९६८ च्या फियाट डिलाइटचं पत्राकाम उरकलं, प्रायमर मारून झाला, इंजिनाचा ब्लॉक बोअर होऊन लेथवाल्याकडून परत आला. त्यानंतर गाडी जिथल्या तिथे आहे, कारण मालक आडवा झालाय. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकलीय आणि डावा पाय पोटरीपर्यंत झिणझिणतोय. पडल्या पडल्या जे मत झालं ते मांडतो. पटलं नाही तर भांडा.

पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसाने जुन्या गाडीखाली झोपू नये. गॅरेजला द्यावी, पैसे मोजावेत आणि स्टुलावर बसून नजर ठेवावी.

या गाड्यांची सेवा खालूनच करायची असते. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिला, ग्रीस मारायचं तर खाली जा. गिअरबॉक्स खालून निघतो, आणि निघताना मुहूर्त साधून थेट छातीवर येतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्याकडे साधनं काय? एक जॅक, दोन स्टँड, अंगाखाली जुना फ्लेक्स, दातात टॉर्च. वर सेक्रेटरी येऊन विचारणार, 'अजून किती दिवस?' मान वाकडी, एक खांदा फरशीवर आणि सतराचा पाना गंजलेल्या बोल्टवर. बोल्ट सुटला तर सगळ्या अंगाला हिसका, नाही सुटला तर कंबर सुटते.

तुमच्या गाड्या कुठवर आल्या तेही लिहा.

हेराल्ड_नाशिक

आधी लवकर बरे व्हा. पण मत पटलं नाही. हा वयाचा प्रश्नच नाही, फियाटचा आहे!

माझी स्टँडर्ड हेराल्ड बघा. बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं. पुढच्या टायरवर बूड टेकवायचं, मांडीवर फडकं घ्यायचं आणि निवांत कार्बोरेटर खोलायचा. चेसिस वेगळी, बॉडीचे भाग बोल्टने जोडलेले. चार माणसं बोलावून बॉडी उतरवली की चेसिसचं काम उघड्यावर. इटलीच्या मिकेलोत्ती या डिझायनरने रेखाटलेली गाडी आहे, उगाच नाही. साठी उलटली तरी सगळं स्वतः करतोय. सध्या वायरिंग चालू आहे आणि पुठ्ठ्यावर नकाशा काढून एकेक तार लावतोय.

माझी कंबर दुखते, नाही असं नाही. पण ती बँकेतल्या खुर्चीने दुखवली. गाडीने नव्हे.

ओरिजिनल_नाहीतर_नाही

चेक फाडून होतं त्याला रिस्टोरेशन म्हणू नका, ती खरेदी झाली.

आणि स्टुलावर बसून तुम्ही कशावर नजर ठेवणार? रंग चढला की सगळ्या गाड्या सुंदर. मागच्या वर्षी एका ओळखीच्याने 'फुल रिस्टोर्ड' म्हणून घेतलेली फियाट बघायला गेलो होतो. दाराखालच्या पट्टीला चुंबक लावलं, पडलं. बोटभर पुढे लावलं, पुन्हा पडलं. पेचकसाच्या मुठीने ठोकलं तर पत्र्याचा टण आवाज नाही, नुसता ठप्प. आत गंजलेला पत्रा तसाच ठेवून वर लांबी (पुट्टी) थापली होती. त्या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा. म्हणजे मालक लांबीवर बसून गाडी चालवत होता. हे खाली स्वतः झोपल्याशिवाय कळत नाही. कंबर दुखते तर दुखू दे, शौक आहे तर सोसा.

फिजिओताई_सांगली

ओरिजिनलदादा, 'दुखू दे' हा सल्ला कृपा करून इथे देऊ नका. आणि डिलाइटकाका, झोपून राहू नका. दुखणं सोसेल इतपत चालतं-फिरतं राहायचं. पूर्वी कंबरदुखीला अंथरुणावर विश्रांती सांगत, आता सांगत नाहीत. पडून राहिल्याने स्नायू ढिले पडतात आणि बरं व्हायला उशीर लागतो.

गाडीखाली झोपणं हे मुख्य कारण असेल असंही मला वाटत नाही. पाठीवर सपाट झोपल्यावर चकतीवरचा दाब उलट कमी असतो. वाईट कशाला म्हणाल, तर मडगार्डवरून पोट टेकवून, हात लांब करून बॅटरी उचलणं. शरीरापासून लांब धरलेलं ओझं, वाकलेली कंबर आणि वर पीळ, तिन्ही एकदम. तसंच तासभर वाकून एकाच जागी वाळूकागद घासायचा आणि मग झटकन उठायचं. अर्ध्या तासाने कामाची जागा बदला, मध्ये उभे राहून चार पावलं चाला.

एमआरआय बघून घाबरूही नका. दुखत नसलेल्या माणसांच्या फोटोतही चकत्या फुगलेल्या दिसतात. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद झपाट्याने गेली, तर इथे प्रतिसाद टंकत बसू नका, थेट इस्पितळात जा.

पद्मिनी_डोंबिवली

मी कंबरेला पट्टा बांधून काम करतो. काही होत नाही. तसंच माझ्या पद्मिनीचं (फियाटचंच पुढचं नाव) पुढचं सलग सीट काढून आजकालच्या गाडीची दोन सुटी बकेट सीट बसवलीत. डोंबिवली-अलिबाग आरामात होतं. जुन्या सीटच्या स्प्रिंगा बसल्या की माणूस त्यात खाटेसारखा रुततो, दुखणार नाही तर काय?

ओरिजिनल_नाहीतर_नाही

पद्मिनीत बकेट सीट. हे वाचून माझी कंबर धरली.

डिलाइट_कोथरूड

ओरिजिनलराव, २०२१ चे व्हिंटेज नोंदणीचे नियम वाचा. गाडी पन्नास वर्षांच्या वरची हवी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. सीटचा तिथे उल्लेख नाही.

ओरिजिनल_नाहीतर_नाही

वाचलेत. नव्या नोंदणीचे वीस हजार भरून 'व्हीए' (व्हिंटेज) नंबर घेतला की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यालाच बाहेर काढायची. म्हणजे त्या नंबरवर अलिबाग होणारच नाही, मग आराम हवाय कुणाला? नियम काही म्हणो, स्प्रिंगा नव्या भरून, काथ्या बदलून, जुन्या नमुन्याचं कापड शिवून तेच सीट छान होतं.

फिजिओताई_सांगली

सीटच्या बाबतीत मी ओरिजिनलदादांच्या बाजूने, आश्चर्य म्हणजे. नीट भरलेलं जुनं सीट आणि कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल एवढं बहुतेकांना पुरतं. पट्ट्याबद्दल मात्र: जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाला होकार आहे, कमरेच्या पट्ट्यांना आणि ट्रॅक्शनला (वजन लावून कंबर ताणण्याला) नकार. पट्टा बांधला की आपल्याला काही होणार नाही असं वाटतं आणि माणूस नको ते उचलतो.

उद्यमनगरची_लेक

सगळा धागा वाचला. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही.

माझे बाबा कोल्हापुरात मिस्त्री. आयुष्य पिटात, म्हणजे गॅरेजातल्या गाडीखालच्या खड्ड्यात, गेलं. मान वर करून, हात डोक्याच्या वर धरून, पावसाळ्यात घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून. तुम्ही पंचेचाळिशीनंतर गाडीखाली जाणार नाही म्हणता. म्हणजे गाडीखाली कुणीच जाणार नाही असं नाही ना? बाबा जाणार. ते बासष्ट वर्षांचे आहेत. सकाळी उठल्यावर त्यांना मोजे स्वतः घालता येत नाहीत, आई घालते, आणि मग ते तुमच्या गाड्यांचे क्लच उतरवायला जातात. तुमची कंबर दुखली की धागा निघतो. त्यांची दुखली की त्या दिवसाची मजुरी जाते.

गाडी गॅरेजला द्या, जरूर द्या, आमचं घर त्यावरच चालतं. पण 'स्टुलावर बसून नजर ठेवावी' हे वाक्य मला लागलं.

डिलाइट_कोथरूड

ताई, लागावं असंच ते होतं. मत मात्र सोडत नाही, त्यात भर घालतो. काम गॅरेजला द्यायचं ते लिफ्ट असलेल्या गॅरेजला, आणि त्याचे जास्तीचे पैसे कुरकुर न करता द्यायचे.

पाना_सतरा_ठाणे

गॅरेज माझं स्वतःचं आहे, म्हणून लिहितो. डिलाइटसाहेब, बोलायला सोपं. इथले शौकीन ग्राहक दोन लाखांचा रंग मारतात आणि मजुरीचे दोन हजार कमी करा म्हणून चहा संपेपर्यंत घासाघीस करतात. लिफ्ट कशातून घ्यायची?

दुसरं, जुन्या गाडीला मिस्त्री कुठून आणणार? काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचा माल मुंबईत पावलोपावली मिळायचा आणि डोळे मिटून किंगपिन बदलणारे हात गल्लोगल्ली होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. त्या हातांमधले काही गावी गेले, काही रिक्षा चालवतात. उरलेत ते या ताईंच्या बाबांच्या वयाचे. नवीन पोरं लॅपटॉप लावून स्कॅनिंग करतात. त्यांना इग्निशनच्या पॉइंटचा गॅप सेट करायला सांगा, सेन्सर कुठला म्हणून विचारतात. म्हणजे तुमच्या मताप्रमाणे पंचेचाळिशीनंतर खाली जायचं नाही, तर जुन्या गाड्यांचं काम उद्यापासून बंद. ज्यांना येतं ते सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे.

हेराल्ड_नाशिक

हा मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच म्हणतो, मालकाने स्वतः शिकावं, आणि तेही या म्हाताऱ्या मिस्त्र्यांकडून. त्यांना शिकवायचे पैसे द्या. ते स्टुलावर, तुम्ही खाली.

पद्मिनी_डोंबिवली

हेराल्डकाकांचं बरंय, खाली जायचं म्हटलं की दुसऱ्याला पाठवायचं आणि स्वतः टायरवर बसायचं.

कॉव्हेंट्रीकर

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या हेराल्डच्या माहेरी, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत. इथे अशा गाड्यांवर काम करणारे बहुतेक सगळे साठीच्या वरचेच, तेव्हा वयाचं कारण मलाही पटत नाही. फरक एवढाच की जड उचलायचं काम माणूस करत नाही. इंजिन उचलायची घडीची क्रेन माझ्या शेजाऱ्याकडे आहे, गिअरबॉक्सचा जॅक माझ्याकडे. आळीपाळीने वापरतो. पत्र्याच्या कामाला बॉडीचं रिकामं खोकं लोखंडी चौकटीत दोन्ही टोकांना अडकवतात आणि आडवं फिरवतात. मग गाडीची फरशी तुमच्या कमरेच्या उंचीला समोर उभी राहते आणि वेल्डिंगच्या ठिणग्या तोंडावर पडत नाहीत. फियाटचं खोकं असं फिरवता येतं. चौकट कोल्हापूरचा कुठलाही फॅब्रिकेटर बनवेल, फक्त दारांच्या चौकटींना आतून पाइपचे आडवे टेकू आधी वेल्ड करा, नाहीतर गंजलेली बॉडी फिरवताना पिळते आणि मग दारं लागत नाहीत.

ओरिजिनल_नाहीतर_नाही

पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं. माझ्या डुक्कर फियाटचा (जुन्या गोलमटोल फियाटचा) खालचा पत्रा दिवाळीनंतर काढायचाय, चौकटीचं माप पाठवा.

उद्यमनगरची_लेक

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले चौकट बनवून देतो, मजुरी आधी ठरवा. आणि मिस्त्री स्टुलावर ही कल्पना त्यांना फार आवडलीय.

डिलाइट_कोथरूड

मग एक सुचवतो. पुण्या-मुंबईतल्या आठ-दहा जणांनी वर्गणी काढून पानासाहेबांच्या गॅरेजात दोन खांबी लिफ्ट बसवायची. आपल्या गाड्यांना ठरलेले दिवस, बाकी दिवस त्यांच्या मिस्त्र्यांना. वर्गणीतलं माझं पहिलं नाव लिहा. खाली झोपायला माझा विरोध कायम आहे, खाली उभं राहायला नाही.

पाना_सतरा_ठाणे

कल्पनेला हरकत नाही, पण जागेचं बघा. माझ्या शेडचं पत्र्याचं छप्पर पुढे उंच आणि मागे उतरतं. मागे लिफ्ट लावली तर गाडीचं टप वर आपटेल, पुढे लावली तर दारच अडतं. जमीन जुन्या कोब्याची आहे, तिच्यात त्या खांबांचे बोल्ट धरणार नाहीत. आधी तेवढा भाग फोडून लोखंड घालून काँक्रीट करावं लागेल आणि ते पुरतं पिकेपर्यंत गॅरेज अर्धं बंद. त्या काळातलं भाडं कोण भरणार, तेही वर्गणीत लिहा. ओरिजिनलराव, तुम्ही देणार का?

ओरिजिनल_नाहीतर_नाही

लिफ्ट असली की लोक बकेट सीटवाल्या गाड्या घेऊन येणार. अर्धी देतो.