मदत हवी आहे : खाडीत कच्चे तेल शिरले आहे, उघाडीचे काय करावे?

आमचे गाव रायगड जिल्ह्यात खाडीकाठी आहे. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारे डांबरगोळे आम्हांला नवे नाहीत; परंतु परवा पहाटेच्या भरतीबरोबर आलेले तेल पातळ, तपकिरी आणि उग्र वासाचे असून कांदळवनाच्या वर आलेल्या मुळांवर त्याचा हातभर उंचीचा पट्टा बसला आहे. तटरक्षक दलाला १५५४ वर आणि तहसील कार्यालयाला कळवले आहे, पण पथक येण्याआधी पौर्णिमेचे उधाण येईल.

अडचण उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या दाराची आहे. खारबांधावरच्या (खाडीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधावरच्या) उघाडीची एक झडप कुजल्यामुळे भरतीचे पाणी आत झिरपते. ती बुजवली तर तेल अडेल, परंतु पावसाचे पाणी तुंबून नुकतीच लावलेली भाताची रोपे कुजतील. शिवाय मुळे साबणाच्या पाण्याने धुवावीत असे काही तरुणांचे म्हणणे आहे, ते मला पटत नाही. तिसऱ्या (खाडीतले शिंपले) काढणाऱ्या बायकांना काय सांगावे?

प्रतिसाद :

२०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजा-३ या जहाजांच्या टकरीनंतर तेल पसरले, तेव्हा मी किनारा सफाईत होतो. तेल पृष्ठभागावर तरंगते, हे ध्यानात घेऊन झडप पूर्ण बुजवू नका. भरती लागण्यापूर्वी फळ्यांनी बंद करा आणि ओहोटीत फळ्या खालून वीतभर उचला, म्हणजे खालचे पाणी निघून जाईल आणि आत शिरलेले तेल फळीमागे अडून गोळा करता येईल. बाहेरच्या बाजूला जुन्या जाळ्यात पेंढा भरून बांबूंना बांधा, मात्र प्रवाहाला आडवे नव्हे तर तिरपे, कारण ओढ जोराची असली की तेल अडथळ्याखालून निसटते.

साबणाबाबत आपले म्हणणे योग्य आहे. त्याने तेल बारीक होऊन पाण्यात मिसळते आणि उथळ खाडीत ते जिवांना अधिक जाचते. कांदळवनात माणसे उतरवूच नका, पायांखाली तेल चिखलात खोल जाते. तिसऱ्या पाणी गाळूनच जगतात, त्यामुळे तेल त्यांच्या अंगात साठते. तपासणी होईपर्यंत त्या काढू नयेत आणि विकूही नयेत. गोळा केलेला पेंढा जाळू नका, भरतीरेषेच्या वर जाड प्लॅस्टिक अंथरून ठेवा. काम करताना वाऱ्याकडे तोंड न करता पाठ करून उभे राहा, म्हणजे वाफ नाकात जाणार नाही. हाताला लागलेले तेल आधी खोबरेल लावून आणि मग साबणाने काढा, रॉकेलने नको.

आणि पथकाची वाट न पाहता आजच काचेच्या स्वच्छ बाटलीत नमुना भरा, त्यावर जागा आणि वेळ लिहा. भरपाईच्या वेळी तेल कोणाचे हे त्यावरूनच ठरवता येते.