‘राग आलाय’ की आणखी काही?

पालकांना हल्ली सल्ला दिला जातो की मूल रडायला लागलं की ‘तुला राग आलाय’ असं भावनेला नाव देऊन टाकावं. पटतंय, पण नाव चुकलं की पोर आणखी उसळतं. आमची लेक साडेतीन वर्षांची. ठाण्यात घोडबंदर रोडला स्कूलबस दिसली की ‘पोटात दुखतंय’. मी दोनदा ओव्याचं पाणी पाजलं! या वयात भीती बरेचदा पोटातूनच बोलते, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

शाळेतल्या तक्त्यावर हॅपी, सॅड, अँग्री एवढेच चेहरे. सासूबाईंकडे मात्र रुसणं, फुगणं, खट्टू होणं, हिरमुसणं असा साठाच आहे, आणि त्या तो येताजाता वापरतात. परवा तलावपाळीला बोटिंग बंद होतं. लेकीला ‘चिडलीस का गं?’ विचारलं, तर बाईसाहेब म्हणाल्या, ‘चिडले नाही काही. हिरमुसलेय.’