मदत हवी आहे: द्राक्ष बागायतदार वडील आणि गुडघे दुखणारी आई, मोझेल खोऱ्यात चार दिवस कसे बसवू?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आई आणि अण्णा पहिल्यांदाच जर्मनीला येताहेत. मी दोन वर्षं फ्रँकफुर्टला आहे. अण्णांची निफाड तालुक्यात साडेचार एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आत त्यांना परत जायचंय, त्यामुळे तारखा पुढे ढकलता येणार नाहीत. बाग सोडून ते इतके दिवस कधी राहिलेलेच नाहीत, यंदा चुलतभावाने जबाबदारी घेतली म्हणून जमतंय.

त्यांना मोठी शहरं दाखवण्यात मला फार रस नाही. मोझेल नदीचं खोरं दाखवायचंय, कारण ते जे बघतील त्यातलं निम्मं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल. मी मार्चमध्ये एकटी जाऊन आले होते. कोखेमच्या पुलावर उभं राहून वर बघितलं तर डोंगराच्या अंगावर वेलींच्या ओळी, आणि उतार असा की माणूस उभा कसा राहतो हेच कळेना. तिथून अण्णांना व्हिडिओ कॉल केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "फवारणी कशी करतात गं इथं?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच फेरीत बुर्ग एल्ट्झला जायला निघाले, तर किल्ला हिवाळ्यात बंद असतो आणि 1 एप्रिलच्या सुमारास उघडतो हे अर्ध्या वाटेत समजलं. या वेळी असं काही व्हायला नको.

माझे प्रश्न:

चार दिवसांत मुक्काम एकाच गावी ठेवू की दोन ठिकाणी? ट्रिअर, कोखेम आणि बेर्नकास्टल-कूस, तिन्ही मनात आहेत. गाडी चालवत नाही, सगळं रेल्वे-बसनेच.

आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती तासभर चालते, पण जिने उतरताना फार त्रास होतो. तिला जुनी देवळं, जुने वाडे यांची फार ओढ आहे. माहेर सिन्नरचं, गोंदेश्वराच्या आवारात खेळून मोठी झालेली. तिला किल्ले कितपत बघता येतील?

त्या दिवसांत द्राक्षांची तोडणी बघायला मिळेल का? एखाद्या शेतकऱ्याशी अण्णांना बोलता येईल का? भाषांतर मी करेन.

दोघंही शाकाहारी, आणि वाईन घेत नाहीत. त्यामुळे अवघडल्यासारखं तर नाही ना होणार?

आणि एक अण्णांचा प्रश्न, जसाच्या तसा: "तिथली एखादी काडी आणता येईल का?" (म्हणजे लागवडीसाठी वेलीची काडी.)

प्रतिसाद १

ताई, मुक्काम दोन ठिकाणी ठेवा. दोन रात्री ट्रिअर, दोन रात्री ट्राबेन-ट्रारबाख. कोखेम देखणं आहे, पण सप्टेंबरात गर्दी फार. ते जाता-येता अर्ध्या दिवसात होतं.

एक गोष्ट नकाशावर चटकन लक्षात येत नाही. कोब्लेंझ–ट्रिअर रेल्वे कोखेमपर्यंत नदीला धरून जाते. मग चार किलोमीटरहून लांब बोगदा, पुढे बुलाइचा दुमजली पूल (वर रेल्वे, खाली रस्ता), आणि त्यानंतर गाडी नदी सोडून देते ती थेट ट्रिअरजवळ पुन्हा भेटते. मधला सगळ्यात सुंदर वळणांचा भाग रेल्वेतून दिसतच नाही. म्हणून बुलाइला उतरून फाट्याच्या छोट्या गाडीने ट्राबेन-ट्रारबाखला जा. तिथून बेर्नकास्टलला हंगामात बोट जाते, साधारण दोन तास. आई-वडिलांसाठी याहून चांगली बैठक नाही: गुडघ्यांना आराम आणि दोन्ही काठांना बागा. वाटेत झेल्टिंगेनला जलपाशातून (दारं लावून पाणी भरतात त्या हौदातून) बोट वर चढते, तेही बघायला मिळेल. पुढे वेलेन गावासमोरच्या उतारावर वेलींच्या मधोमध मोठं सूर्यघड्याळ दिसेल. 1842 साली बसवलंय, बागेतल्या मजुरांना वेळ कळावी म्हणून.

तिकिटाचं म्हणाल तर तिघांना मिळून ऱ्हाइनलँड-फाल्झ राज्याचं दिवसाचं तिकीट घ्या. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत चालतं, फक्त कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर.

प्रतिसाद २

ट्रिअरबद्दल लिहितो, तिथे शिकायला होतो.

गोंदेश्वराचं वाचलं म्हणून मुद्दाम सांगतो, आईंना पोर्टा निग्रा नीट वेळ देऊन दाखवा. रोमन वेस, इ. स. 170 च्या सुमाराची. प्रचंड वालुकाश्माचे चिरे, आणि मध्ये चुना अजिबात नाही. दगड एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जखडले होते. मध्ययुगात लोकांनी ते लोखंड उकरून नेलं, त्याची भोकं आजही भिंतभर दिसतात. हेमाडपंती बांधकाम बघत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. आत वर जायला गोल जिना आहे, तो आईंनी टाळावा. खरी गंमत खालून हात लावून बघण्यातच आहे.

ती वेस टिकली कशी, तीही गोष्ट सांगा. अकराव्या शतकात सिमिओन नावाचा एक ग्रीक साधू तिच्यात कोंडून घेऊन राहिला. 1035 मध्ये तो वारला आणि वेशीचं चर्च झालं, त्यामुळे दगड पळवायला कुणी धजलं नाही. पुढे 1804 मध्ये नेपोलियनच्या हुकमावरून चर्चचं बांधकाम काढून रोमन वास्तू मोकळी केली.

तिथून चालत रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा दरबार. एकच सलग दालन, 67 मीटर लांब, 33 मीटर उंच, मध्ये एकही खांब नाही. सपाट प्रवेश, बसायला बाक. शेजारी कॅथेड्रल आणि त्याला लागून लीबफ्राउएनकिर्ख, जर्मनीतल्या सगळ्यात जुन्या गॉथिक चर्चपैकी एक. ही सगळी 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. कार्ल मार्क्सचं जन्मघरही याच गावात आहे. वेळ उरला तर बाहेरून बघा.

पण अण्णांसाठी ट्रिअरमधली पहिली जागा म्हणजे राज्य संग्रहालय, ऱ्हाइनिशेस लांडेसम्युझियम. तिथे नॉयमागेनचं दगडी वाईन-जहाज आहे. तिसऱ्या शतकातल्या एका व्यापाऱ्याच्या थडग्यावर बसवलेलं हे शिल्प. वल्ही मारणारी माणसं, मध्ये पिंपं, आणि त्यातला एक सुकाणूवाला चक्क हसतोय. अठराशे वर्षांपूर्वी याच नदीतून द्राक्षाचा माल जात होता, हे वाचण्यापेक्षा त्या पिंपांसमोर उभं राहिलं की पटतं. पीसपोर्ट गावात तर रोमन काळातले द्राक्षं तुडवायचे हौदच सापडलेत, 1985 मध्ये. पण तिथे बसने जाणं वेळखाऊ आहे, चार दिवसांत धरू नका.

प्रतिसाद ३

मी मूळचा तासगावचा. घरी द्राक्षं आणि बेदाणा. इथे दोन हंगाम ओळखीच्या शेतकऱ्याकडे सुट्टीत तोडणीला गेलोय. अण्णांच्या प्रश्नांची उत्तरं देतो.

तोडणी: सप्टेंबरच्या मध्यापासून म्युलर-थुर्गाऊसारख्या लवकर येणाऱ्या जातींची चालू असते. रीसलिंग उशिरा, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. तुमच्या तारखांना काही ना काही नक्की दिसेल. चढावर सगळं हाताने तोडतात. माल खाली आणायला एकाच रुळावर चालणारी दातेरी छोटी गाडी असते, माणूस आणि क्रेट दोन्ही तिच्यावर. ती चालताना अण्णांना दाखवाच. फवारणी कड्यावर हेलिकॉप्टरने होते, आता ड्रोननेही. भुरी आणि डावणी हे वेलीचे रोग इथेही आहेत, त्यामुळे बोलायला विषय कमी पडणार नाही.

बांधणी: आपल्याकडे मांडव किंवा इंग्रजी वाय आकाराचा आधार. इथे जुन्या बागांत प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब, आणि दोन काड्या दोन बाजूंना वाकवून खाली बांधलेल्या, विड्याच्या पानासारखा आकार. ओळीला तार नसल्यामुळे चढावर आडवंही चालता येतं. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आपली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी इथल्या लोकांना सांगितली की ते पुन्हा पुन्हा विचारतात. वेल कधी विश्रांतीच घेत नाही, हे त्यांना खरंच वाटत नाही.

जमीन: माती अशी नाहीच, पाटीच्या दगडाचे कपचे. दिवसभर तापतात आणि रात्री ऊब सोडतात. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं त्यात या दगडाचा, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उताराचा आणि नदीवरून परतणाऱ्या उन्हाचा मोठा वाटा आहे. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट तर युरोपातल्या सगळ्यात तीव्र उतारांच्या बागांपैकी एक, काही ठिकाणी 65 अंश. तो समोरच्या काठावरून बघायचा.

गोडी: आपण ब्रिक्स म्हणतो, इथे ओक्सले. 20 ब्रिक्स म्हणजे साधारण 83 ओक्सले. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे गोडी मोजायचं यंत्र, तोच. अण्णांना म्हणावं स्वतःचा घेऊन या, ओळख करून द्यायला भाषा लागणार नाही. मात्र कुणाच्या बागेतला मणी विचारल्याशिवाय तोडायचा नाही. पिकायच्या दिवसांत इथे त्याबाबत फार कडक असतात.

आता काडी. नाही, ताई, आणू नका. आयात परवाना आणि क्वारंटाईनशिवाय भारतात रोपाचा कुठलाही भाग नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा हा मुळांवरचा कीटक युरोपात शिरला आणि बागाच्या बागा मुळापासून गेल्या. तेव्हापासून सगळीकडे खुंटावर कलम. पण मोझेलच्या काही पाटीदगडी उतारांवर अजूनही स्वमुळावरच्या, म्हणजे कलम न केलेल्या, जुन्या वेली आहेत. डॉगरिज खुंटावर बाग उभी केलेल्या माणसाला ती वेल दाखवली, तर काडी न नेल्याचं वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद ४

एल्ट्झ आणि जेवणाबद्दल.

बुर्ग एल्ट्झ सोडू नका. साडेआठशेहून जास्त वर्षं एकाच घराण्याकडे आहे आणि कधी उद्ध्वस्त झालेला नाही. कोखेमचा किल्ला फ्रेंचांनी 1689 मध्ये उडवला, आणि आज दिसतो तो बर्लिनच्या एका धनिकाने 1868 मध्ये अवशेष विकत घेऊन पुन्हा बांधलेला. दोन्ही बघितले की जुनं आणि जुन्यासारखं यातला फरक आईंना लगेच कळेल. मोझेलकेर्नहून जंगलातली पायवाट सुरेख आहे, पण तुमच्यासाठी नाही. हंगामात बस असते, ती वाहनतळापर्यंत नेते, आणि तिथून खाली दारापर्यंत छोटी गाडी जाते. आत मार्गदर्शकासोबतच फिरावं लागतं आणि पायऱ्या आहेत. आईंना जमलं नाही तरी अंगणात बसून वरचे बुरूज बघण्यात तास कसा गेला ते कळत नाही. आत फोटो काढू देत नाहीत. कोखेममध्ये खुर्च्यांचा रोपवे आहे, वरून गाव, किल्ला आणि नदी एकदम दिसतात.

जेवण: बटाट्याचे कुरकुरीत राइबेकुखन सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर सगळीकडे मिळतात. कांद्याचा केक या दिवसांत हमखास असतो, पण त्यात बहुतेकदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. "ओहने श्पेक" (त्या मांसाशिवाय) म्हणून आधी विचारा. वाईन न घेण्याचं अजिबात अवघडू नका. शेतकऱ्यांच्या स्वतःच्या खाणावळी असतात, श्ट्राउसविर्टशाफ्ट, वर्षातून जास्तीत जास्त चार महिने उघडता येतात. दाराला झाडू किंवा डहाळ्यांचा गुच्छ टांगलेला दिसला की उघडी आहे समजायचं. तिथे घरच्या द्राक्षांचा रस मिळतो, आणि शेतकऱ्याशी बोलायचं तर याहून सोपी जागा नाही. बागेतल्या लाल पीचचा हंगामही तेव्हाच असतो. त्याचा जॅम आईंना नक्की आवडेल.

बेर्नकास्टलला चौकातल्या लाकडी घरांसमोर गर्दी असते. 1416 चं ते वर रुंद, खाली अरुंद घर बघून पूल ओलांडा आणि पलीकडे कूसला जा. तिथे 1458 मध्ये निकोलाउस कुझानुस या मूळ कूसच्याच कार्डिनलने 33 गरीब वृद्धांसाठी आश्रम काढला. तो आजही वृद्धाश्रमच आहे, आणि त्याच्या मालकीच्या द्राक्षबागा आहेत. कुझानुसचा देह रोममध्ये पुरलाय, हृदय मात्र इथल्या प्रार्थनागृहात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत आलो, म्हणून लिहिते.

ट्रिअरला आई पोर्टा निग्राच्या भोकांमध्ये बोट घालून बघत राहिली. "शिसं ओतलं असेल का गं आत?" असं विचारत होती. दरबारात आम्ही नुसते बसलो. संग्रहालयात अण्णांनी पिंपं मोजली.

ट्राबेनजवळ एका खाणावळीत रस मागवला आणि अण्णांनी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढून टेबलावर ठेवला. मालक आत गेला आणि स्वतःचा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हाला बागेत घेऊन गेला. आई खालच्या बाकावर थांबली. संध्याकाळी पुन्हा गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अण्णांनी दगडाचा एक कपचा उचलून गालाला लावला आणि माझ्या हातात दिला. गरम होता. रीसलिंगचा मणी मालकाने स्वतः तोडून दिला. अण्णांनी तो चावून बी हातावर काढली, रंग बघितला आणि म्हणाले, "अजून आठ दिवस." मी भाषांतर केलं. मालक म्हणाला, दहा.

कूसच्या आश्रमात आईला निघवेना. व्हरांड्यात एक आजोबा बसले होते, तिने त्यांना नमस्कार केला आणि त्यांनीही हात जोडले.

एल्ट्झला आईने आतला फेरा पूर्ण केला, उतरताना दोनदा बसली. बसचं वेळापत्रक रविवारी वेगळं असतं. पुढे जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी बघून घ्यावं.

तासगावकर दादा, अण्णांचा तुम्हाला एक निरोप आहे. स्वमुळावरच्या वेलीचं खोड त्यांनी वितीने मोजलं, पण वय विचारायचं राहून गेलं. तुमच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे अशी वेल असेल, तर तिचं वय आणि ती अजून एकरी किती देते, एवढं विचारून कळवाल का?