सायकलने पायथा, पायी माथा: तोरणा एका दिवसात करावा का?

घाटवेडा
पहाटे चारला पुण्यातून निघायचं, खडकवासला, डोणजे, खानापूर करत पाबे घाट चढायचा, गडाच्या पायथ्याच्या वेल्ह्यात सायकल लावायची, तोरणा करायचा आणि रात्री घरी. सह्याद्रीतले आडबाजूचे गड एका दिवसात करायची याहून चांगली रीत नाही, असं माझं ठाम मत आहे. जाताना अंतर पन्नासेक किलोमीटर. गडाची उंची १४०३ मीटर, पण वेल्ह्यापासून चढाई साधारण सातशे मीटरचीच. नियमित सायकल चालवणाऱ्याला हे झेपतं.

एसटी आहे, पण परतीची गाडी गाठायची म्हणून बुधला माची अर्धवट टाकून पळावं लागतं. गाडी नेली तर एसी बंद केला की थेट चढ सुरू. सायकलवर पाबे खिंडीत पोचलात की समोर तोरणा आणि राजगड दोन्ही उभे असतात, आणि गड किती आत आहे हे तोवर अंगाला कळलेलं असतं. तुमची मतं सांगा.

माचीवरची
अंगाला कळतं, मान्य. पण गड कधी बघणार? तोरण्याला प्रचंडगड उगाच म्हणत नाहीत. बिनी दरवाजा, कोठी दरवाजा, मेंगाईचं देऊळ इथवर सगळेच जातात. झुंजार माचीवर उतरायचं आणि मग बुधल्याकडे जायचं, तर त्यातच दुपार कलते. तुमच्या हिशेबात गडासाठी किती वेळ उरतो? माथ्याला हात लावून परत फिरण्याला मी गड पाहणं म्हणत नाही. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी या, वेल्ह्यात पिठलं-भाकरी खा, मुक्काम करा आणि उजाडताना चढा. सायकलनेच या हवं तर, पण दोन दिवस काढा.

दोरखंड
शिबिरांमध्ये मुलांना डोंगर चढा-उतरायला शिकवतो, म्हणून काळजीने लिहितोय. चढाची मला भीती नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलतात, आणि आधी घाटात पॅडल मारून तेच दमलेले असतात. बिनी दरवाज्याखाली कातळात रेलिंग लावलंय. तिथे परतणाऱ्यांचे पाय बघा: गुडघा लटलटतो, पाऊल ठेवलं जात नाही, नुसतं पडतं. त्यातून कोणी क्लीटचे (तळाला पॅडलमध्ये अडकणारी कडक पट्टी असलेले) सायकलचे बूट घालून आलेला असेल तर कातळावर तो घसरणारच.

पुढचं कोणी बोलत नाही. वेल्ह्याहून परतताना पाबे घाट पुन्हा चढायचा असतो. तो चढलात की खानापूरकडचा उतार, तोही हिवाळ्यात सहा वाजताच अंधारलेला. ब्रेक दाबून बोटं बधिर झालेली असतात आणि वळणावर खडी पसरलेली असते. अपघात व्हायचा तो तिथे होईल.

घाटवेडा
दोरखंड दादा, बूट आणि अंधाराचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. म्हणूनच ट्रेकचे बूट पाठपिशवीत, पुढे-मागे दिवे, आणि अकरापर्यंत बिनी दरवाजा गाठला नाही तर तिथूनच माघार. पाय बोलायला लागले तर सायकल टेम्पोत टाकून परत यायचं, त्यात कमीपणा नाही.

माचीवरची ताई, दोन दिवसांची सवड सगळ्यांना नसते. शनिवारीही कामावर जाणाऱ्याने काय करायचं?

उत्तरवारा
मी स्कॉटलंडमध्ये राहतो. सायकल आणि डोंगर ही जोडी इथे जुनी आहे, पण तिचं कारण वेगळं. बेन आल्डर हा ११४८ मीटरचा डोंगर घ्या. डॅलविनी स्टेशनवर उतरायचं आणि लॉक एरिख्त या तलावाच्या काठाने खासगी इस्टेटीच्या कच्च्या वाटेवर कित्येक किलोमीटर आत जायचं. तिथे आपली मोटार नेता येत नाही, पण २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने पायी आणि सायकलने जायचा हक्क दिलाय. म्हणजे इथे सायकल वाचवते ती तंगडतोड. शिवाय जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो.

तोरण्याला डांबरी रस्ता थेट वेल्ह्यापर्यंत आहे. तिथे सायकल पायपीट वाचवत नाही, उलट श्रम वाढवते. हौस म्हणून जरूर करा. पण आडबाजूचा डोंगर गाठायची रीत म्हणून मला हे पटत नाही.

घाटवेडा
इथेच आपलं जमत नाही. डांबर पायथ्यापर्यंत गेलं म्हणून प्रत्येकाने मोटारच न्यायची का? पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगडाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग बघा. तीच गर्दी वेल्ह्यात यायला नको असेल तर कोणीतरी मोटारीशिवाय यायला हवं. माझ्या लेखी ही हौस नाही.

गुंजवणी
मी वेल्ह्याकडचाच. सायकलवाल्यांचा आम्हाला त्रास नाही, सायकल खुशाल पडवीत लावा, कोणी हात लावणार नाही. पण बरेच जण बाटली भरून घेतात आणि सरळ गडाकडे सुटतात, चहासुद्धा घेत नाहीत. घाईत असतात ना! निदान नाव, फोन नंबर आणि किती वाजता खाली येणार एवढं सांगून जा. कोणी उतरलं नाही तर रात्री बॅटऱ्या घेऊन शोधायला गावातलीच पोरं जातात. तुम्ही चारला उतरलात की आठला, हे त्यांना कळायला नको का?