पावसात केबलचं नेट: काय तपासता, काय बदलता? (अनुभव धागा)

चिरेबंदी
शेजारच्या बलकांवावरून (घरापुढच्या ओट्यावरून) आज परत ऐकू आलं, "राउटर बंद कर, दोन मिनिटांनी चालू कर." दर जूनचा तमाशा आठवला. ज्यांच्याकडे कोएक्स (टीव्हीच्या गोल) केबलवरचं नेट आहे त्यांनी दोष कुठे सापडतो, कसा सापडतो ते लिहा. कंपन्यांची नावं नकोत, भांडणं होतात.

सुरुवात मीच करतो. आधी दोष वायफायचा की लाइनचा ते ठरवा. लॅपटॉप वायरने राउटरला जोडा आणि दोन सतत चालणारे पिंग (पत्त्यावरून उत्तर येतं का ते बघणारी कमांड) लावा, एक राउटरच्या पत्त्यावर, दुसरा ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्यावर. दोन्ही तुटले तर दोष घरातच, राउटर नाहीतर लॅनची वायर. फक्त दुसरा तुटला तर मोडेम (केबल ज्याला लागते तो डबा) किंवा त्याच्या पलीकडे. वायरवर दोन्ही नीट आणि वायफायवर तुटतात, तर केबलवाल्याला बोलावून उपयोग नाही.

खांडेपारकाठ
पिंगच्या पुढची पायरी. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाका, बहुतेक केबल मोडेमचं स्टेटस पान तिथे उघडतं. डाउनस्ट्रीम (घराकडे येणारी) पॉवर −७ ते +७ डीबीएमव्हीच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) आत हवी, एसएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर) ३३ डीबीच्या वर. अपस्ट्रीम (घराकडून जाणारी) ३५ ते ४९ डीबीएमव्हीच्या दरम्यान. ती ५० च्या वर गेली म्हणजे वाटेत कुठेतरी सिग्नल गळतोय आणि मोडेम घसा फोडून ओरडतोय.

लॉगमध्ये टी३ टाइमआउट दिसला तर मोडेमची हाक वर पोचत नाही किंवा उत्तर परत येत नाही. एखाददुसरा चालतो. लागोपाठ १६ झाले की मोडेम स्वतःच सगळं सोडून पहिल्यापासून जोडणी सुरू करतो. तुम्ही म्हणता "नेट गेलं", ते हेच. पानाचा फोटो कोरड्या दिवशी एक आणि भर पावसात एक काढून ठेवा. दोन्ही शेजारी ठेवून दाखवले की माणूस वाद घालत नाही.

शापोरा_वारा
किनाऱ्याजवळ असाल तर आकडे नंतर, आधी बाहेरचा कनेक्टर उघडा. मधली तार हिरवी किंवा काळी पडली असेल, तिच्याभोवतीची धातूची जाळी पिठासारखी भुरभुरत असेल तर पुसत बसू नका. चांगली चकचकीत जाळी लागेपर्यंत केबल मागे कापा, कधी अर्धा मीटर जाते. पाणी जाळीतून आत ओढलं जातं. वरच्या फ्रीक्वेन्सीचे चॅनेल आधी पडतात, खालचे ठीक दिसतात. स्टेटस पानावर असा उतार दिसला की ओली केबल समजा.

नवं टोक: आरजी६ (घरगुती कोएक्सचा प्रकार), दाबून बसवायचा कॉम्प्रेशन कनेक्टर. फिरवून बसवायचे स्वस्तवाले नकोत. बाहेरचं आवरण साधारण १२ मिमी सोला, जाळी मागे दुमडा, पांढरा फोम ६ मिमी काढा. फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट भिडला पाहिजे, मधली तार कडेच्या बाहेर फार तर ३ मिमी. जाळीचा एक केसही मधल्या तारेला लागता कामा नये. ११ च्या पान्याने हलका आवळा, जोर नको.

माडाची_सावली
@शापोरा_वारा, आणि वरून सिलिकॉन लावलं तर चालतं ना?

शापोरा_वारा
आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं मुळीच नको ताई. त्यातलं ॲसिड तांबं खातं. सेल्फ अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबर टेप घ्या, ताणून दुप्पट लांब करत अर्ध्यावर अर्धा गुंडाळा, वरून साधी पीव्हीसी टेप खालून वर. म्हणजे पाणी पदरावरून ओघळतं, आत शिरत नाही.

पेडणेकरीण
थोडक्यात, पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) यादीत सुक्या सुंगटांखाली (कोळंबीखाली) टेप लिहायची 😄

चिरेबंदी
सुंगटांचा भाव विचारू नका, धागा तिकडेच जाईल.

पेडणेकरीण
गेलाच म्हणून समजा. कोकम कोणाकडे चांगलं मिळतं?

डिचोली_जंक्शन
केबल भिंतीतून आत येते तिथे १०-१५ सेंमीचा झोका खाली सोडा, थेंब तिथूनच गळतो. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं. सरळ भोक असेल तर पाणी केबलवरून चालत थेट मोडेमच्या मागे.

स्प्लिटरकडेही (एका केबलच्या अनेक वाटा करणारा) बघा. दोन तोंडांचा प्रत्येक बाजूला ३.५ डीबी खातो, चार तोंडांचा ७. मोडेमला पहिल्याच दोनतोंडीवरून वेगळी लाइन द्या, टीव्ही सगळे दुसऱ्या बाजूला. रिकाम्या तोंडावर ७५ ओहमचं टर्मिनेटर (टोपण). डिशचा ९५० ते २४०० मेगाहर्ट्झवाला स्प्लिटर इथे चालत नाही, ५ ते १००० लिहिलेला घ्या. मध्ये टीव्हीचा बूस्टर असेल तर त्याला रिटर्न पाथ (मोडेमचा सिग्नल परत जायची वाट) आहे का बघा. नसेल तर टीव्ही मस्त आणि मोडेम मेलेला.

वाळपई_रान
आमच्या बाजूला अर्धे दोष माकडांचे 🐒 केबल खांब ते घर सैल ठेवली की लोंबकळतात. मेसेंजर तारेची (सोबत आधाराची तार असलेली) केबल घ्या, ताण तारेवर राहू दे, कनेक्टरवर नको.

वास्को_सिग्नल
वायफायवाल्यांसाठी. चिऱ्याच्या जाड भिंती, त्यात जुनं घर: एका राउटरने चार खोल्या होत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झला चॅनेल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झ मध्येच गायब होत असेल तर 'ऑटो' काढून ३६ ते ४८ मधलं चॅनेल पक्कं करा. ५२ पासूनच्या बऱ्याच चॅनेलवर रडार जाणवलं की राउटरला जागा सोडावी लागते.

माडाची_सावली
आमच्याकडे वीज गेली की इन्व्हर्टर असूनही नेट जातं. मोडेम चालू असतो.

खांडेपारकाठ
खांबावरच्या ॲम्प्लिफायरला पण वीज लागते ना बाय. त्याला बॅटरी नसेल तर तुमचा इन्व्हर्टर काय करणार. डाउनस्ट्रीमचा दिवा लुकलुकत राहिला तर तेच. वीज असतानाही मोडेम आपोआप रीस्टार्ट होत असेल तर ॲडाप्टर मोजा: मोडेम जोडलेला असताना १२ व्होल्टचा ११.४ च्या खाली उतरला की बदला. आणि गडगडाट सुरू झाला की प्लगसोबत कोएक्स पण काढा, विजेची लाट त्या वाटेनेही येते.

साळचो_दर्यो
फायबर घ्या, सुटाल.

वास्को_सिग्नल
फायबरला पण दुखणी आहेत बाब. एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा, रिसीव्ह पॉवर −२७ डीबीएमच्या खाली, हिरव्या टोकात निळं टोक खुपसलेलं. वेगळा धागा काढा, लिहितो.

पेडणेकरीण
कोकमचं कोणीच सांगितलं नाही.