मदत हवी आहे: मुलगी परीक्षेत मुद्दाम चुकीची उत्तरं लिहिते आहे

नमस्कार. मी बार्शीची. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत आहे, सेमी-इंग्रजी शाळेत. धागा जरा मोठा होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

मागच्या आठवड्यात घटक चाचणीचे पेपर घरी आले. गणितात २५ पैकी १४. मार्कांचं मला काही वाटलं नाही, पण पेपर बघताना हात थांबला. ४८ भागिले ६ चं उत्तर ९. ३५ अधिक २७ चं ६३. चुकलेलं प्रत्येक उत्तर बरोबर उत्तरापेक्षा एकाने जास्त होतं. एकही गणित खरोखर चुकलेलं नव्हतं. हिने आधी बरोबर सोडवलं आणि मग एक मिळवून लिहिलं.

ही तीच मुलगी, जी मे महिन्यात माझ्या आईकडे चिंचोके मांडत बसली होती. एक चिंचोका, मग चारांचा चौकोन, मग नवांचा. संध्याकाळी मला येऊन म्हणाली, "आई, चौकोन मोठा करायला आधी तीन लागतात, मग पाच, मग सात. दर वेळी दोन जास्त. का गं?" मी बी.कॉम. आहे, मला पटकन सांगता आलं नाही. मग तिनेच चिंचोक्यांची एक बाजू, दुसरी बाजू आणि कोपऱ्यातला एक असं वेगळं करून मला दाखवलं.

वर्गात मुली तिला "हुशारबाई" म्हणतात. गटात घेत नाहीत. बाईंचं म्हणणं असं की ती उत्तर मध्येच सांगून टाकते, बाकीच्यांना विचार करू देत नाही, आणि गणितं संपली की खिडकीबाहेर बघत बसते. बाई वाईट नाहीत. वर्गात ५२ मुलं आहेत.

घरी वेगळंच. चित्रात एक रेघ वाकडी गेली की कागद फाडते. लिहायचा भयंकर कंटाळा. डोकं पुढे आणि हात मागे. रात्री झोपताना रडते. सूर्य विझणार असं कुठेतरी वाचलं, तेव्हापासून पंधरा दिवस तेच चाललं आहे. सासरे लाडाने कुणीही आलं की तिला बाहेर बोलावतात, "सांग बाळा, तेवीस सत्ते किती?" हल्ली पाहुण्यांची चप्पल वाजली की ती आतल्या खोलीत जाते.

नातेवाईक म्हणतात, एक वर्ग पुढे ढकला. कुणी म्हणतं ऑलिम्पियाड लावा, कुणी म्हणतं बुद्ध्यांक काढून घ्या. मला एवढंच कळतंय की माझी मुलगी स्वतःला लपवायला शिकली आहे, आणि तेही आठव्या वर्षी. काय करू? आधी काय करू?

— सांजवेळ

पाटीपेन्सिल:

सांजवेळताई, मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आधी बाईंना भेटा, पण "माझी मुलगी फार हुशार आहे" या वाक्याने सुरुवात करू नका. ते वाक्य शिक्षकाने शंभर पालकांकडून ऐकलेलं असतं. तो पेपर आणि ते "एकाने जास्त" दाखवा. कुठल्याही शिक्षकाच्या ते काळजाला लागेल.

मग एकच गोष्ट मागा. स्वाध्यायात दहा गणितं असतील तर तिला शेवटची, सगळ्यात अवघड तीन आधी सोडवू द्या. ती बरोबर आली की बाकीची सात माफ, आणि उरलेल्या वेळात तिची स्वतःची एक वही. त्या वहीत चिंचोक्यांसारखे प्रश्न. बाईंचं काम यात वाढत नाही. ५२ मुलांच्या वर्गात जास्तीचं काम लागणारा उपाय आठवडाभरसुद्धा टिकत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि एक करू देऊ नका: तिचं झालं की तिला इतरांना शिकवायला बसवणं. मीही ते वर्षानुवर्षं केलं, चांगल्या हेतूने केलं. आता वाटतं, त्या मुलांना मी नवं काही दिलंच नाही, वर मित्रांत वेगळं पाडलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अशा मुलांना नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडचं द्यावं असं स्पष्ट लिहिलं आहे. गरज पडली तर मुख्याध्यापकांशी बोलताना ते उपयोगी पडेल.

कडुनिंब:

चाचणीबद्दल. पुण्याची ज्ञान प्रबोधिनी १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी हुशार मुलांच्या शिक्षणासाठीच सुरू केली. त्यांची प्रशाला १९६९ ची, तिथे पाचवीपासून चाचणी घेऊन प्रवेश देतात. पण तुम्हाला आत्ता प्रवेश नको, समजून घ्यायचं आहे. प्रबोधिनीचा मानसशास्त्राचा विभाग आहे, तिथे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या मांडणीवरच्या चाचण्यांवर बरीच वर्षं काम झालं आहे. त्या मांडणीत बुद्धी म्हणजे एकच आकडा नसून वेगवेगळ्या अनेक क्षमता धरतात. इतर मानसशास्त्रज्ञांकडे बिने-कामत चाचणी मिळेल. कामतांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली होती, त्यामुळे मूल मराठीत विचार करत असेल तर अडत नाही.

कुठेही करा, पण अहवाल हातात आल्यावर शेवटचा आकडा बघून थांबू नका. आतले तुकडे बघा. तुम्ही लिहिलंय "डोकं पुढे आणि हात मागे", ते मला महत्त्वाचं वाटलं. माझ्या मुलाचं असंच होतं. शब्दांच्या आणि तर्काच्या भागात खूप वर, लिहिण्याच्या वेगात वयाच्याही खाली. आम्ही त्याला दोन वर्षं आळशी म्हणत होतो. अशी मुलं स्वतःच्या हुशारीने अडचण झाकतात आणि अडचणीमुळे हुशारी झाकली जाते, म्हणून दोन्ही कुणाला दिसत नाहीत.

वर्ग पुढे ढकलण्याला माझा सरसकट विरोध नाही. काही मुलं त्याने खरोखर फुलतात. पण तिच्या हाताला चौथीचं लिखाण झेपेल का आणि तिला स्वतःला जायचंय का, हे दोन प्रश्न मार्कांच्या आधी. मधला रस्ताही आहे: गणितापुरतं पुढचं, बाकी वयाच्या मुलींसोबत. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावीला आहे, देशपातळीवरचं गणित ऑलिम्पियाड त्याच्याही पुढे. आत्ता स्पर्धा नकोत. जी मुलगी पेपरात लपते आहे तिला आणखी पेपर कशाला द्यायचे?

मोगरा_७:

मी ती मुलगी होते, म्हणून लिहिते.

आजोबांना थांबवा. प्रेमाने, पण या आठवड्यातच. मला पाहुण्यांसमोर स्तोत्रं म्हणायला लावायचे. टाळ्या मिळायच्या. हळूहळू डोक्यात बसलं की मला येतं म्हणून मी आवडते. मग जे पहिल्या फटक्यात येणार नाही ते करायचंच नाही. अकरावीत पहिल्यांदा खरोखर अवघड काहीतरी समोर आलं आणि मी कोसळले, कारण अडल्यावर काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं, तशी वेळच आली नव्हती.

तिला असं काहीतरी द्या जे तिला लवकर येणार नाही. पोहणं, तबला, विणकाम. तिथे ती इतर मुलांइतकीच धडपडेल, आणि मैत्री बरेचदा अशाच ठिकाणी होते.

सूर्याचं रडणं "वेडी कुठली" म्हणून उडवू नका. तिला खरा आकडा सांगा: अजून सुमारे ५०० कोटी वर्षं. ५ वर सगळी शून्यं काढू द्या, ती नऊ भरतील. आणि तरीही रडली तर जवळ घ्या. प्रश्न खगोलाचा असला तरी रडणारं पोर आठ वर्षांचंच आहे.

सांजवेळ:

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री अंथरुणात तिला हळूच म्हटलं, "मला प्रत्येक उत्तरात एक जास्तीचा दिसला." ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "बाईंना सांगशील?" मी म्हटलं, तुला विचारल्याशिवाय नाही. त्यानंतर अर्धा तास बोलत होती. कमी मार्क पडले त्या दिवशी दोन मुलींनी तिला डब्याला बोलावलं होतं.

चौथीत जायचंय का विचारलं. नको म्हणाली, या दोघी आत्ता कुठे बोलायला लागल्यात. पण गणिताच्या तासाला "दुसरं काहीतरी" हवंय. बाईंना सोमवारी भेटते, तिने पेपर दाखवायला परवानगी दिली आहे. सासऱ्यांशी यांनी बोलणं केलं. ते दुखावले, पण आज सकाळी तिला घेऊन चिंचोके मोजत बसले होते, आणि प्रश्न ती विचारत होती.

चाचणी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला करावी असं ठरतंय. कडुनिंब, किंवा ज्यांनी मुलांची केली आहे त्यांनी एवढं सांगा: आधी मुलाला काय सांगून नेलंत? परीक्षा आहे असं कळलं तर ही तिथेही एक-एक मिळवून येईल, अशी मला भीती वाटते.