मदत हवी आहे: टॉवेल कारखान्यातली नोकरी गेली, पुढची कशी शोधू?

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात नऊ वर्षं अकाउंट्स बघत होतो. टॅली, जीएसटी रिटर्न, कामगारांचा पीएफ, सगळं माझ्याकडे. एक्स्पोर्टच्या ऑर्डरी आटल्या. आधी रात्रपाळी बंद झाली, मग आमचं टेबल. दोन महिन्यांत पोर्टलवर साठेक अर्ज टाकले. फोन दोनच आले, त्यातला एक विमा विकायचा! उलट चिंचोळी एमआयडीसीतल्या एका जागेची खबर जुन्या सूत व्यापाऱ्याकडून लागली, पण तोवर माणूस घेतला होता.

मग सीएंच्या ऑफिसात, ओळखीच्या व्यापाऱ्यांकडे सरळ जाऊन विचारू का? मला जरा अवघड वाटतं. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला मुलाखती द्यायची तयारी आहे, पण तिथलं घरभाडं धरून किती पगाराच्या खाली जाऊ नये? आणि मधल्या रिकाम्या महिन्यांबद्दल बायोडेटात काय लिहिता तुम्ही?